बिनबाटलीचे डॉक्टर

दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस कधी गप्प बसत नाही, आणि कंपाउंडरला खिडकीतून सगळं ऐकू येतं. त्यामुळे रत्नागिरीत मी काढ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठवले. त्यातले सगळ्यात जास्त आमच्या डॉक्टरांचे.

डॉक्टर तरुण, मुंबईहून नवीन पास झालेले आणि व्हिटॅमिननं झपाटलेले. रोग कुठलाही असो, औषधाची बाटली देणार नाहीत. काय खायचं ते सांगणार आणि नमस्कार करून घरी पाठवणार. आता बोला. आमच्याकडे बाटली न देणाऱ्याला डॉक्टर कोण म्हणणार? दवाखाना चालला नाही तर त्यांना मुंबईला सासऱ्यांच्या हाताखाली जावं लागणार होतं, आणि मला ते नको होतं. माणूस वेडा होता, पण माझा जीव जडला होता त्यांच्यावर.

एकदा पेन्शनर गुरुजी आले. डॉक्टरांनी फळ्यावर लिहून व्हिटॅमिन ए, बी, सी, डी समजावलं. अर्धा तास! गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं, छत्री उचलली आणि मला विचारलं, "दामू, पुढची अक्षरं कुठल्या डॉक्टरकडे शिकवतात?"

*

थंडीत पालीहून एक शेतकरी चालत आला. हिरड्या सुजलेल्या, रक्त येत होतं. डॉक्टरांनी तोंड पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "रोज दोन आवळे खा."

"आवळं तर माज्या दारात हायत," तो म्हणाला.

"उत्तमच की."

"मग पालीपासून हितवर चालत कशाला आलो मी?"

तो थेट बाजारातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला आणि जाताना आमच्या खिडकीसमोर उभं राहून लाल औषधाची बाटली मला हलवून दाखवून गेला.

*

मे महिन्यात सासरे आले. डॉक्टरांनी वहिनींना बजावलं होतं, गिरणीचा पांढरा तांदूळ घरात आणायचा नाही, सगळं सत्त्व कोंड्यात जातं. ताटात तांबडा उकडा भात पडला. डॉक्टर कौतुकानं बघत होते. सासऱ्यांनी घास खाली ठेवला आणि लेकीला हळूच म्हणाले, "पांढरा भात मिळेनासा झालाय, हे पत्रात का नाही कळवलंस?"

वहिनी हसू दाबत आत पळाल्या. सासऱ्यांना मात्र हसू आलं नाही. रिकामं बाक त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. "नारळी पौर्णिमेपर्यंत वाट बघतो. तोवर पेशंट दिसले नाहीत तर समुद्र उघडला की पहिल्या बोटीनं मुंबई," त्यांनी सांगितलं. आणि आमच्या भोळ्या सांबानं शब्द देऊन टाकला!

*

मग मीच उद्योग केला. एका शेठाणीच्या पायाला सारख्या मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी हातसडीचा तांदूळ खायला सांगितला, तर ती रागावून निघाली. मी तिला खिडकीशी थांबवून एक गुलाबी बाटली दिली. "हे औषध हातसडीच्या भातावरच लागू पडतं. पांढरा भात खाल्लात तर उलटेल."

महिन्याभरात बाई खडखडीत बऱ्या. नारळ घेऊन आल्या आणि डॉक्टरांसमोर बाटलीची स्तुती करत बसल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय होतं रे त्यात?"

"पाणी, साखर आणि रंग."

डॉक्टर भडकले. उरलेल्या बाटल्या त्यांनी मोरीत ओतल्या आणि बाईंना तिथल्या तिथे खरं सांगून टाकलं. कपाळ माझं! खरं ऐकल्याबरोबर बाईंच्या पायाला पुन्हा मुंग्या आल्या, आणि नारळही त्या परत घेऊन गेल्या.

*

पौर्णिमेला वीसएक दिवस राहिले होते. एका दुपारी इस्माईल तांडेल आले. मुंबईच्या फेऱ्या करणारा मोठा मचवा ते चालवायचे. दार लावून घेऊन त्यांनी सांगितलं की दिवेलागणीनंतर त्यांना काही दिसत नाही, आणि मालकाला कळलं तर सुकाणू हातातून जाईल.

"पावसाळ्यात मचव्याला काय लावता?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेल पाजतो. मुशी माशाच्या काळजाचं."

"तेच ताजं काढा, गाळा आणि रोज दोन चमचे प्या."

तांडेल बघतच राहिले. "डॉक्टर, फळीला लावलं तरी माणूस नाक धरून पळतो. आधी तुम्ही पिऊन दाखवा."

दुसऱ्या दिवशी ते खरंच बाटली घेऊन हजर. आमच्या डॉक्टरांनी जन्मात साधा बांगडा खाल्ला नव्हता. डोळे मिटले, शेंडीपर्यंत शहारले आणि दोन चमचे घशाखाली घातले. मग तांडेलही प्यायले. वहिनींनी पुढचे चार दिवस डॉक्टरांचं ताट ओटीवर वाढलं.

त्यानंतर तांडेल फिरकलेच नाहीत. पौर्णिमा झाली. समुद्र उघडला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं, सामान बांधून झालं. संध्याकाळी डॉक्टर पायरीवर बसले होते, शेजारी ट्रंक. अंधारून आलं होतं, आणि दिवा लावायचं मला मन होत नव्हतं. फाटकात कोणीतरी उभं राहिलेलं जाणवलं, पण कोण ते मला कळेना.

"डॉक्टर," फाटकातून तांडेलांचा आवाज आला, "सदऱ्याचं तिसरं बटण चौथ्या काजात घातलंय तुम्ही."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं. तांडेलांच्या मागून त्यांचे अकरा खलाशी येत होते, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, ठेचकाळत.

डॉक्टरांनी बटण काढून नीट लावलं आणि म्हणाले, "दामू, ट्रंकेतला स्टेथोस्कोप काढ."