सातवी सोंगटी

लुदमिला बेर्तोल्दी गणित शिकत होती आणि तिची काळजी अर्जेंटिनातलं सगळं फिर्मात गाव करत होतं. याला जबाबदार तिचा बाप. आनिबाल न्हाव्याच्या दुकानात कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची, आणि त्या जिभेला गेली कित्येक वर्षं एकच विषय होता.

"आकडेच नसतात त्यात," गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून तो सांगायचा. "नुसती अक्षरं. तीसुद्धा अर्धी ग्रीकांची. रोसारिओच्या विद्यापीठात माझी पोरगी हे असलं गणित करते."

गिऱ्हाइकाला मान हलवायची सोय नसायची, त्यामुळे कुणी वाद घालत नसे.

लुदमिलाची आई ती शाळेत असतानाच दक्षिणेला नेउकेनला निघून गेली आणि तिकडचीच झाली. घरात राहिले बापलेक. शिवाय नेलीआत्या, जिचं घर मागच्या गल्लीत होतं पण पाय कायम यांच्या स्वयंपाकघरात. पोरीला वाढवलं दोघांनी मिळून, म्हणजे आत्याने ओरडून आणि बापाने लाडावून.

पोरगी हुशार होती, त्यात काही खोट नव्हती. पण तिच्याबरोबरची मुलं केव्हाच पदव्या घेऊन पुढे गेली आणि ही तिशीला टेकली तरी एका विषयावर अडून बसली होती. शेवटचा विषय. अनंत मितींच्या अवकाशांचा. त्याची परीक्षा तोंडी. टेबलावर जाळीचा पिंजरा, त्यात नंबर घातलेल्या लाकडी सोंगट्या. पिंजरा फिरवायचा, एक सोंगटी काढायची, आणि त्या नंबराचा धडा तीन प्राध्यापकांपुढे फळ्यावर मांडायचा, सगळ्या सिद्धतांसकट. लुदमिला त्यात दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की नियमाप्रमाणे अख्खा विषय पहिल्या तासापासून पुन्हा.

"तिसऱ्यांदा गेले ना पापा, तर मी सोडणार," ती बापाला म्हणाली होती. "मग माझ्यापुढे कुणी गणिताचं नाव काढायचं नाही."

हे तिने फक्त त्यालाच सांगितलं. आणि आश्चर्य म्हणजे ही एक गोष्ट त्याने दुकानात कुणाला सांगितली नाही.

सराव मात्र दुकानातच चालायचा. आनिबालने घरातल्या तंबोल्याच्या सोंगट्या एका कापडी पिशवीत भरल्या होत्या. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये तो पिशवी पुढे करायचा, लुदमिला हात घालायची, आणि मग आरशावर साबणाच्या कांडीने लिहीत बोलत सुटायची. बाकावर बसलेली माणसं येर्ब्याच्या कडू काढ्याचा पेला एकमेकांकडे फिरवत मुकाट ऐकायची. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण तिचा आवाज कुठे घट्ट असतो आणि कुठे पातळ होतो हे पुरतं कळत होतं. बाराव्या नंबराला ती गात असल्यासारखी बोलायची. तिसऱ्याला हातवारे करायची. आणि सात निघाला की अख्खं दुकान कळवळायचं.

"टाक रे तो परत पिशवीत," रेमोकाका म्हणायचे. हे बापाचे जुने दोस्त, पिकअप ट्रकवाले, डोक्यावर दहा केस उरले तरी दर आठवड्याला दुकानात हजर. "कोण बघायला आलंय?"

"मी बघतेय ना, काका."

"तू डोळे मीट की मग."

सातव्या धड्यात एक प्रमेय होतं. लहानशा जागेत ठरलेला एक नियम, त्याचं वजन जराही न वाढवता, सबंध मोठ्या अवकाशात पसरवता येतो, असं काहीतरी. सिद्धता तिला पाठ होती. पण त्यात मध्येच एक जागा यायची. खालून एक मर्यादा वर चढत येते, वरून दुसरी खाली उतरत येते, आणि त्या दोघींच्या मध्ये एक संख्या बसवायची असते. दोघी एकमेकींना ओलांडून जात नाहीत हे दाखवायला एकच ओळ लागते. वाचताना ती ओळ लख्ख दिसायची. बोलायला तोंड उघडलं की निसटायची. कागदावर शंभरदा लिहिली तरी फळ्यापुढे तिचं डोकं रिकामं व्हायचं. का, ते तिलाही कळत नव्हतं आणि दुसरा कुणी सांगूही शकत नव्हता.

परीक्षेची तारीख तिने बापाला सांगितली ती शपथ घालूनच.

"यायचं नाही. आत्याला सांगायचं नाही. रेमोकाकांना तर मुळीच नाही."

"मी सांगतो होय कुणाला?" आनिबाल म्हणाला. जिने हे ऐकून विश्वास ठेवला, तिला गणितात हुशार म्हणावं, माणसांत नाही.

परीक्षेच्या खोलीत तिने पिंजरा फिरवला. सोंगटी निघाली. सात.

तिला हसूच आलं. मग तिने खडू उचलला आणि अर्धा फळा न अडखळता भरला. मफलर गुंडाळलेले म्हातारे प्राध्यापक समाधानाने मान डोलावत होते. त्या जागेपाशी आल्यावर त्यांनी अगदी हळू विचारलं, "या दोघींच्या मध्ये जागा आहे हे कशावरून, बेर्तोल्दी?"

एक ओळ. सकाळी बसमध्ये ती खिडकीच्या काचेवर बोटाने लिहिली होती. लुदमिला फळ्याकडे बघत राहिली.

"दोन्हींची बेरीज करून बघा," ते म्हणाले.

तिने बेरजेचं चिन्ह काढलं आणि खडू तिथेच टेकवून ठेवला.

"सावकाश. घाई नाही आम्हाला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या मायेने तिचं उरलंसुरलं अवसान गेलं. खडू हातात मोडला, आणि ती ओळ काही आली नाही. तिघांनी आपसात कुजबुज केली. दहापैकी तीन गुण. पास व्हायला चार लागतात. "फार वाईट वाटतं," म्हातारे म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं.

जिना उतरताना तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. आता, त्या पायऱ्यांवर शेवटची परीक्षा पास झालेली पोरंही अशीच येतात, तोंड झाकून, हुंदके देत. खाली घरची माणसं अंडी आणि पिठाच्या पिशव्या घेऊन टपलेली असतात, कारण पदवी मिळालेल्याला अंड्यापिठात घोळल्याशिवाय आमच्याकडे ती पदवी लागू होत नाही. पण आधी विचारायचं असतं. एवढी एक पद्धत सगळे पाळतात.

नेलीआत्याने विचारलं नाही.

"रडतेय! झाली! पास झाली माझी बाय!"

पहिलं अंडं कपाळावर फुटलं. दुसरं कानावर. रेमोकाकांनी पिठाची पिशवीच डोक्यावर उलटी केली. लुदमिला म्हणाली, "पापा, मी..." आणि तोंडात पीठ गेलं. आनिबाल तिला मिठी मारून इतका मोठ्याने रडत होता की रस्त्यावरची अनोळखी माणसंही टाळ्या वाजवायला लागली.

सांगायचं होतं. ट्रकमध्ये सांगायचं होतं, पण आत्या गावभर फोन करत होती. गावच्या वेशीवर रेमोकाकांनी तिला मागच्या हौद्यात उभं केलं, गळ्यात पुठ्ठा अडकवला, त्यावर लिहिलेलं 'बाईसाहेब, गणिततज्ज्ञ', आणि हॉर्न दाबून धरला. शाळेतल्या जुन्या बाई दारात आल्या. पाववाल्याने दुकानातून हात जोडून उंचावले. प्रत्येक वळणाला ती मनाशी म्हणत होती, आता. आणि प्रत्येक वळणाला तिचं तोंड फळ्यापुढे झालं होतं तसंच बंद होत होतं.

अंगणात निखाऱ्यांवर मांस चढलं होतं. आनिबालने तिला दुकानात नेऊन केस धुवायच्या खुर्चीत बसवलं, मान मागे भांड्यावर टेकवली आणि कोमट पाणी सोडलं. दार लोटल्यावर बाहेरचा गलका जरा कमी झाला.

"डोळे मिटून घे, साबण जाईल."

तिने मिटले. त्याची बोटं केसांतलं वाळलेलं अंडं हळूहळू सोडवत होती. लहानपणापासून तिचे केस त्यानेच धुतले होते.

"कुठली सोंगटी निघाली गं?" त्याने मजेत विचारलं.

हे तेवढं तिला बोलता आलं.

"सात."

बोटं थांबली. पाणी वाहत राहिलं. ती डोळे उघडू शकली नाही. वरून त्याने नाक ओढल्याचा आवाज आला.

"पापा, मी सांगणार होते."

"गप्प बस. मान हलवू नकोस."

बाहेर लोक एका तालात टाळ्या वाजवून तिचं नाव घेत होते. दारावर थाप पडली. "अरे आनिबाल, आण की आमच्या बाईसाहेबांना! मांस करपतंय!" रेमोकाका ओरडले.

"आलो!" आनिबाल ओरडला. "अजून पीठ निघतंय!"

केस केव्हाच स्वच्छ झाले होते. तिला ते पाण्याच्या आवाजावरून कळत होतं, त्याच्याही बोटांना कळत असणार. त्याने बाटली उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून साबण लावायला घेतला.