थोरला, धाकटा आणि माझं बोट

कुठल्याही ऑफिसात काम सरळ चाललं की सांगण्यासारखं काही उरत नाही. अडलं की किस्से साचत जातात. आमचं तीन आठवडे अडलं होतं, त्यामुळे आता चहाला बसलं की कुणीतरी "तो पंख्याचा सांग ना!" म्हणतंच.

आमचं ऑफिस रोह्यात, एका हार्डवेअरच्या दुकानावर. पेण तालुक्यातल्या खाडीच्या बांधांचे ड्रोनने फोटो काढायचे, ते जोडून नकाशा करायचा आणि बांध जिथे खचलाय तिथे लाल रंग दाखवायचा, एवढंच आमचं काम. माणसं तीन : सर, ड्रोन उडवणारा नरेश आणि मशीनं सांभाळणारी मी. मी रोज पेणहून ट्रेनने येते आणि उतरायचं रोह्याला असलं तरी नागोठण्यालाच उठून दारात उभी राहते. बसवतच नाही मला!

या खेपेच्या फोटोंत नरेशच्या गावचा बांधही होता. त्याचे वडील, म्हणजे नाना, रोज फोन करायचे. "नकाशा झाला काय रे? बांधाला चीर पडली हाय. अमावस्येला उधाण हाय." खाडीचं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. पोकलेन वडखळला उभंच होतं, पण बांधांचं काम बघणाऱ्या पेणच्या साहेबांचं म्हणणं, आधी नकाशा दाखवा, मग हलवतो. आणि आमचा नकाशा काही होईना!

* * *

मशीनं दोन. फोटो साठवणारा तो थोरला, फोटो जोडणारा तो धाकटा. वेळ वाचावा म्हणून धाकटा आपल्या मेमरीतला एक कोपरा मोकळा करतो, त्याची किल्ली थोरल्याला देतो आणि थोरला न विचारता फोटो थेट तिथे नेऊन ठेवतो. पण मधेच काहीतरी व्हायचं. थोरला फोटो घेऊन जायचा, तर किल्लीच लागायची नाही. मग तो "रिमोट ॲक्सेस एरर" असं लिहून मोकळा व्हायचा आणि सगळी लाइनच तोडून टाकायचा. झालं, पुन्हा पहिल्यापासून!

हे सगळं मी सरांना डबे, शेजारीण, कुलूप अशी उदाहरणं देऊन समजावलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, मग थोरल्याला डुप्लिकेट किल्ली करून दे ना!"

* * *

कंपनीच्या सपोर्टला फोन लावला. पलीकडच्या माणसाने केबल काढून लावायला सांगितली. लावली. मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. केलं. तासाभराने तो आनंदाने म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तर चालतंय!"

सर शेजारीच उभे होते. "त्याला पत्ता विचार," ते म्हणाले, "आपण आपली मशीनं त्याच्याकडेच नेऊन ठेवू."

* * *

मग सरांनी निदान केलं : मशीन तापतंय! खालच्या दुकानातून एक भलामोठा पंखा आला आणि धाकट्यासमोर बसला. तो इतका घरघरायचा की मला डोकं धरून बाहेर जिन्यात बसावं लागलं. आणि काय आश्चर्य, त्या दुपारी एकही एरर नाही! नानांचा फोन आला तर सर स्वतः म्हणाले, "काळजी करू नका, पंखा लावलाय."

दुसऱ्या दिवशी मी कानात कापूस घालून जागेवर बसले. एरर परत हजर. सरांनी दुसरा पंखा मागवला.

* * *

त्यानंतरच्या सोमवारी मालगाडी पुढे काढायची म्हणून आमची गाडी निडीला तासभर थांबवली. मी प्लॅटफॉर्मवर येरझारा घालत नरेशला दर पाच मिनिटांनी फोन करत होते. "आली का एरर?" "नाय." "आता?" "नाय ओ मॅडम, मस्त चाललाय."

ऑफिसात पोचले, चप्पल काढली, खुर्चीत बसले. दहाव्या मिनिटाला एरर!

नरेशने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "मॅडम, राग मानू नका. पण ती तुमी आल्यावरच येते."

राग तर आलाच. दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही.

* * *

संध्याकाळी पाण्याचा घोट घेऊन स्वतःच्याच बोटांवर पाळत ठेवली, तेव्हा चोर सापडला. सगळं ठीक चाललंय ना हे बघायला मी दर थोड्या वेळाने धाकट्यावरून थोरल्याकडची एक मोठी फाइल मागवून पाहायची. ती यायला वेळ लागला की माझा धीर सुटायचा आणि मी कंट्रोल-सी दाबून ते काम मधेच रद्द करायची. रद्द केलं की धाकटा लगेच किल्ली काढून घ्यायचा. थोरल्याचा माल मात्र निघालेला असायचा! तो बंद दारावर आपटायचा, एरर यायची, लाइन तुटायची आणि नकाशाही अडायचा. नकाशा अडला की मी काळजीने पुन्हा तीच फाइल मागवायची.

माल पोचेपर्यंत किल्ली काढायची नाही, एवढी अक्कल सॉफ्टवेअरला असायला हवी होती हे खरं. पण मलाही हवी होती की! तीन आठवडे मी चोराला शोधत होते आणि चोरच टॉर्च धरून उभा होता. नरेशला सांगताना मला अक्षरशः रडू आलं, कारण ते तीन आठवडे त्याच्या गावचे होते.

सरांनी सगळं ऐकलं आणि सुस्कारा सोडला. "म्हणजे पंखे निर्दोष!"

* * *

दुसऱ्याच दिवशी अमावस्या होती. सकाळी आठला नकाशा पुन्हा लावला. नाना आदल्या रात्रीच गावाहून नरेशकडे रोह्याला येऊन राहिले होते. नकाशा हातात घेऊनच पेणला जायचं म्हणून ते माझ्या शेजारी येऊन बसले. नऊला साठ टक्के. साडेनऊला एकाहत्तर. दहालाही एकाहत्तरच! माझी बोटं आपोआप कीबोर्डकडे निघाली. फक्त एकदाच बघू, चाललंय ना?

"काय करतंस गो?" नानांनी विचारलं.

"बघते, अडकलंय का ते."

"बांधाव चिखल टाकला ना, का त्याव पाय दाबून उभं रव्हाचं. बसला का नाय बगाया पाय उचलला, तं समदा व्हावून जातो." एवढं बोलून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि ते उठले. "भरती लागली असंल. नकाशा व्हईल तवा व्हईल. मी चाललो."

ते एसटी पकडून गेले. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. खोटं नाही सांगत, अडीच तास तशीच बसले! सर मला चहा बशीत ओतून पाजत होते.

साडेबाराला नकाशा पूर्ण झाला. शेतातलं पाणी खाडीत सोडणाऱ्या उघाडीच्या दाराशेजारी बांधावर बोटभर लाल पट्टा. नरेशने तो पेणच्या साहेबांना पाठवला आणि लगेच नानांना फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे वारा होता, पाण्याचा आवाज होता आणि खूप माणसं एकाच वेळी ओरडत होती.

"नाना, नकाशा आला! उघाडीच्या बाजूला लाल दाखवतंय. तिकडं कोणी जाऊ नका, बांध कधीपण जाईल!"

"व्हय," नाना ओरडून म्हणाले, "त्या लालावच आमी चालीस जनं उभं हाव. पोकलेन येईस्तवर कोन पाय उचलनार नाय!"