सहा लेकी असून बुडालेलं घराणं

घराणं बुडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला कुवेतमध्ये एका गोऱ्या साहेबाने समजावलं. तेव्हा जे डोकं तापलं ते अजून पुरतं निवलेलं नाही.

मी काही शिकलेली नाही. चौथीतून घरी बसवलं. पण लेकीला शिकवलं, ती नर्स झाली आणि कुवेतला दवाखान्यात लागली. जावई तिथेच, शुऐबा नावाच्या गावी तेलाच्या कारखान्यात इंजिनियर. नातीला सांभाळायला म्हणून मला बोलावून घेतलं. अबू हलीफात समुद्राजवळ, तिसऱ्या मजल्यावर घर. नव्वद सालच्या उन्हाळ्यात जावई नातीला घेऊन सुट्टीवर नाशिकला गेला. लेकीला रजा मिळाली नाही. तिला एकटं कसं सोडायचं म्हणून मी थांबले. आणि ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य शिरलं.

आमच्या समोरच्या दारात एक इंग्रज साहेब राहायचा. जावयाच्याच कारखान्यातला, नोकरी संपत आलेली, बायको तिकडे विलायतेत. सैनिक गोऱ्या पुरुषांना धरून न्यायला लागले. कुठे नेतात, कुणाला कळत नव्हतं. जो त्यांना लपवेल त्याचंही काही खरं नाही, असं सगळ्या बिल्डिंगीत बोलत होते. एका सकाळी साहेब आमच्या दारात उभा, हातात बॅग, पायात घरातल्या चपला.

लेक म्हणाली, "आई, काय करायचं गं?"

मी म्हटलं, "आधी दार लाव."

स्वयंपाकघराच्या मागे कामवालीसाठी बांधलेली एक लहानशी खोली होती. आम्ही तिथे तांदळाची पोती ठेवायचो. पोत्यांच्या मागे त्याची गादी घातली. बॅग उघडली तर आत अंगावर घालायला एक कपडा नाही. नुसते कागद. आणि भिंतीला चिकटवतात त्या कागदाची एक जाडजूड गुंडाळी. तिच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं, रेघा मारलेल्या. जीव घेऊन पळताना माणूस सदरा घेतो, दाढीचं सामान घेतो. याने हे घेतलं. लेकीने जावयाचे पायजमे काढून दिले. ते त्याला नडगीपर्यंतच यायचे.

मी विचारलं, हे काय आहे? त्याची हिंदी मोडकी, माझीही मोडकी, मध्ये बाजारातली अरबी. अरबीत 'माफी' म्हणजे नाही, संपलं. मी नवीन आले होते तेव्हा दुकानदाराकडे कोथिंबीर मागितली, तो म्हणाला "माफी". मी म्हटलं, अरे माफी कशाला मागतोस बाबा, उद्या आण. लेक तिथेच हसत सुटली. तर साहेब गुंडाळीवर हात फिरवून म्हणाला, "मदर, बडा खानदान. लॉर्ड लोग. अभी माफी."

त्यांच्याकडे म्हणे राजाने दिलेल्या पदव्या असतात, बापाची मुलाला जाते. साहेबाला नाद होता तो संपलेल्या पदव्यांचा. कोणतं घराणं कधी बुडालं, कसं बुडालं, ते शोधून तो वंशाचं झाड काढायचा. मला आधी गंमत वाटली. आमच्याकडेही त्र्यंबकला भटजींकडे वंशावळ असते. मी विचारलं, "कसे मेले हो सगळे? देवीच्या रोगाने?"

"मेले नाहीत," तो म्हणाला. "शेवटच्या लॉर्डला सहा मुली झाल्या."

"मग?"

"मग खलास. माफी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सहा जणी जगल्या का?"

"सगळ्या जगल्या. मुलंबाळं झाली. आज त्यांचे पणतू-खापरपणतू असतील."

"मग बुडालं काय?"

तो हसला. लहान मूल काहीतरी वेड्यासारखं विचारतं तेव्हा हसतात तसा. मग म्हणाला, काही जुन्या पदव्या मुलीलाही मिळतात. पण एकच मुलगी असेल तर. दोन असल्या तर दोघींचा हक्क सारखा, म्हणून कुणालाच नाही. पदवी टांगून ठेवायची. एकीचा वंश संपेपर्यंत, शंभर वर्षं, दोनशे वर्षं. दोन भाऊ असले की थोरल्याला मिळते, तिथे टांगत नाहीत. दोन बहिणी आल्या की मात्र कायदा अडतो. हा कुठला न्याय?

मला दोन लेकी. नवरा गेला तेव्हा तेराव्याच्या दिवशी मोठा दीर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "या घरात आता राहिलंय कोण?" दोघी माझ्या मांडीला चिकटून बसल्या होत्या, एकीच्या हातात लाडू होता. तेव्हा मी काही बोलले नाही. त्याच्याच दारात राहायचं होतं ना मला! पण या पोत्याच्या खोलीत, माझ्या हातचं खाऊन, हा माणूस तेच बोलत होता, आणि वर राजाचा कायदा सांगत होता.

मी कागद जवळ घेतला. इंग्रजी मला येत नाही, पण एकच तीन अक्षरी खूण जागोजागी दिसत होती, नाव नाही काही नाही. मी बोट ठेवलं. "हे काय?"

"डॉटर. छोटं करून लिहिलंय."

"नाव काय तिचं?"

"नाव लिहिलेलं नाही कुठे. जुन्या कागदांत सापडत नाही."

"आणि हा?" मी तिच्या वरच्या नावावर बोट नेलं.

इथे साहेब खुलला. तो लॉर्ड फार शिकारी होता. त्याचा आवडता कुत्रा होता, त्याचं नाव अमुक, त्याचं थडगं बांधलंय, दगडावर नाव कोरलंय. मी म्हटलं, "साहेब, कुत्र्याचं नाव सापडलं तुम्हाला."

तो म्हणाला, "येस, येस," आणि चहा मागितला.

"चहा माफी," मी म्हटलं. दूध होतं, साखरही होती. दिला नाही. दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. लेक म्हणायची, "आई, बाहेर बंदुका फिरताहेत, आणि तू कुणाच्या कुत्र्यावरून भांडतेस?" मी म्हटलं, तू गप बस.

पुढे एक दिवस दुपारी मी पोळ्या करत होते. साहेब उजेड हवा म्हणून गुंडाळी घेऊन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. लेक ड्यूटीवर निघायची म्हणून गणवेशात. तेवढ्यात दार वाजलं. हाताने नाही, बंदुकीच्या दस्त्याने. साहेब पोत्यांच्या मागे पळाला आणि त्याचं झाड टेबलावर तसंच पसरलेलं राहिलं. सगळं इंग्रजी. हे कुणाचं विचारलं तर काय सांगणार? मी तव्यावरची पोळी त्याच्यावर टाकली. मग डब्यातल्या सगळ्या काढल्या, तूप लावलेल्या, आणि कागदभर निवायला मांडल्या. लॉर्ड, त्याची शिकार, सगळं पोळ्यांखाली.

दोन सैनिक आत आले. त्यातला एक अगदी पोरगा, दाढी न आलेला. दोघांतल्या मोठ्या सैनिकाने लेकीकडे पाहून विचारलं, "रज्जाल?" म्हणजे पुरुष माणूस.

लेकीच्या आधी मीच म्हटलं, "रज्जाल माफी."

त्याने बेडरूम पाहिली, बाथरूम पाहिलं, पोत्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. मी टेबलावरच्या दोन पोळ्या उचलून त्याच्या पुढे धरल्या. उपाशी होता बिचारा, उभ्याने खाल्ल्या. बाहेर जाताना जिन्यातल्या तिसऱ्याला ओरडून सांगितलं, घरात कोणी नाही. आम्ही दोघी त्याच्या समोर उभ्या होतो, त्याच्या तोंडात माझी पोळी होती, आणि घरात कोणी नाही. त्या दिवशी त्याच्यामुळेच साहेब वाचला, हे मला कळतं. पण ऐकायला काय वाटतं ते मलाच ठाऊक.

दार लावून मी खाली बसले. साहेब बाहेर आला, टेबलाकडे गेला, पोळ्या बाजूला केल्या, आणि कागद खिडकीकडे धरून म्हणाला, "मदर, चौथ्या लॉर्डवर तूप लागलं."

लेकीला हसू आवरेना, मग ती रडायला लागली. मी तोंड उघडलं असतं तर खालपर्यंत ऐकू गेलं असतं.

असे महिने काढले. पाणी जपून, डाळ जपून, त्याचं खोकणं उशीत. डिसेंबरात गोऱ्यांना सोडायचं ठरलं. त्यांच्यातला एक माणूस गाडी घेऊन आमच्या साहेबाला न्यायला आला. जिन्यात उभं राहून त्याने विचारलं, इतके दिवस कुणी ठेवलं? लेकीला इंग्रजी येतं, तिने मला सांगितलं साहेब काय म्हणाला ते. म्हणाला, "इथल्या एका इंडियन इंजिनियरने. माझा सहकारी. फार मोठ्या मनाचा माणूस."

मी म्हटलं, "काय म्हणाला? पुन्हा सांग."

"आई, जाऊ दे. त्याला तसं म्हणायचं नसेल."

मी मधे उभी राहिले. हिंदीतच बोलले, जेवढं येतं तेवढं. म्हटलं, साहेब, इंजिनियर नाशिकला आहे. उन्हाळ्यापासून नाशिकलाच आहे. त्याला माहीतही नाही तुम्ही इथे आहात ते, फोन कुठे लागतोय? दार मी लावायला सांगितलं. सैनिकाला उत्तर मी दिलं. दवाखान्यातून तुमच्या छातीचं औषध हिने आणलं, पकडली असती तर काय झालं असतं हिचं?

साहेब लाल झाला. "पण मदर, घर तर त्याचं आहे ना? तसं म्हणायची पद्धत असते."

"पद्धत तुमच्याकडे ठेवा," मी म्हटलं. "त्यांना आता, माझ्यासमोर, नीट सांगा."

तो गाडीवाला घाई करत होता. साहेबाने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्याने सांगितलं. हळू आवाजात, मान खाली घालून, पण सांगितलं. या दोघींनी ठेवलं. लेकीने मला मराठीत केलं ते. मी म्हटलं, ठीक आहे, आता जाऊ दे त्याला. आणि वाटेत खायला दिलं बांधून.

एक्क्याण्णवला सगळं निवल्यावर जावई परत आला. आलेल्यागेलेल्याला सांगायला लागला, आम्ही एक इंग्रज लपवला होता. पहिल्यांदा बोलला तेव्हाच मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, जावईबापू, तुम्ही नव्हता तेव्हा. तो पाहुण्यांसमोर ओशाळला. लेक माझ्यावर रागावली, दोन दिवस अबोला धरला तिने. धरू दे.