कोऱ्या फॉर्मवरची सही

नागपूरच्या कॉलेजात प्रवेशाचं बघणाऱ्या सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या फॉर्मवर तीन विषय लिहिले. मराठी, समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र. मला काही विचारलं नाही. बाबांना मात्र समोरची खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. त्यामुळे हा अपमान आहे हे कळायलाच मला थोडा वेळ लागला.

"सर, मला गणित घ्यायचं आहे," मी म्हणाले.

सर हसले. लहान पोराचा हट्ट पाहून हसतात तसे.

"बाळ, बारावीचं कॅल्क्युलस वेगळं आणि कॉलेजचं गणित वेगळं. तुमच्याकडच्या मुलांना ते झेपत नाही. तुझ्या भल्याचंच सांगतो. सवलत काय, कुठल्याही विषयाला मिळते. मग सोपे विषय घ्यावेत."

तुमच्याकडच्या. म्हणजे आमच्या उमरेड गावाकडच्या नव्हे. फॉर्मवर धर्म लिहिला होता, बौद्ध. तो त्यांनी वाचला. बारावीचे मार्क त्याच्या खालच्याच ओळीत होते. तिथवर त्यांची नजर गेलीच नाही.

आणि विषयांचे रकाने कोरे होते, ही चूक आमचीच. आमच्या मोहल्ल्यात फॉर्म भरायची एक रीत आहे. रेशनचा असो, दवाखान्याचा असो की शाळेचा, वर नावगाव, धर्म, मार्क अशी आपली माहिती लिहायची, खाली सही ठोकायची आणि बाकीचं कोरं सोडायचं. साहेब भरतात. आपण भरलं आणि चुकलं तर फॉर्म परत येतो, पुन्हा खेटे घालावे लागतात. त्या सकाळी उमरेडच्या एसटी स्टँडवर बाबांनी हेच बजावलं होतं. "विषय लिहू नको वं. साहेब लिहितीन ते." बारावी पास झालेल्या मी ते मुकाट ऐकलं. खाली माझी सही, तिच्या बाजूला बाबांची. आणि तो कागद आम्ही आपल्या हातांनी नेऊन दिला.

गणितच का, ते सांगते. अकरावीत मास्तरांनी विचारलं होतं, नागपूरची गाडी वळणावर आली, तर नेमक्या त्या क्षणी तिचा वेग किती? आम्ही म्हणालो, एका क्षणात गाडी हलतच नाही, मग वेग कसला? त्यांनी फळ्यावर उत्तर काढून दाखवलं. मला हसू आवरेना. असंही विचारता येतं, त्याचं उत्तर निघतं आणि ते मला समजतं! इतका आनंद मला तोवर कशानेच झाला नव्हता. तो मला सोडायचा नव्हता, बस.

बाबा माग चालवतात. धर्मांतराच्या दिवशी ते नागपुरात त्या गर्दीत होते. घरातले देव त्यांनी स्वतः बाहेर काढले. त्याच माणसानं आता टेबलापुढे हात जोडले.

"साहेब म्हणून राहिले ते बराबर हाये, माय. त्यायले समजते. तुले काय समजते?"

देवापुढचे हात सुटले, साहेबापुढचे सुटले नाहीत. मला सरांचा आला नाही एवढा राग बाबांचा आला. आणि त्या रागाची लाजही वाटली.

मी फॉर्म ओढून घेतला. माझी सही खोडली. इतकी गिरवून खोडली की कागद फाटला.

"हे काय केलंस?" आता सरांचा आवाज चढला.

"यावर माझी सही नाही," मी म्हणाले. "आता लिहा तुम्हाला पाहिजे ते."

बाहेर आल्यावर बाबा फाटकाशी थांबले. मग म्हणाले, "काहून केलं वं असं? किती चांगल्यानं बोलून राहिले होते ते."

"बाबा, शिकाचं मले हाये," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एकटी गेले. नवा फॉर्म घेतला, सगळे रकाने स्वतः भरले, सही सगळ्यात शेवटी केली. सरांनी वर न पाहता मंजुरी दिली. गणिताच्या जागा रिकाम्याच होत्या.

इथं संपलं असतं तर लोकांना सांगायला बरं झालं असतं. पण पहिल्या वर्षी मी गणिताच्या एका पेपरात नापास झाले. बारावीत उत्तर काढलं की झालं, इथं ते उत्तर असतंच हे आधी सिद्ध करा म्हणतात. मला ते जमलं नाही. सर जिन्यात भेटले. "सांगितलं होतं ना, बाळ," म्हणाले. माझ्या मागून प्रताप नगर या सवर्ण वस्तीतला एक मुलगा उतरत होता. त्याच पेपरात नापास. त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "पेपर कठीणच होता रे. ऑक्टोबरला काढशील."

तो नापास झाला तेव्हा पेपर कठीण होता. मी नापास झाले तेव्हा आमचा अख्खा मोहल्ला नापास झाला.

मी दमले आहे. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, मधे ते जिने. मोहल्ल्यातल्या बायका विचारतात, "पयली येशीन ना वं? दाखव त्यायले." त्यांच्या मायेचंही आता ओझं होतं. मला कोणाला काही दाखवायचं नाही. त्या मुलाला नापास व्हायची मुभा आहे, पुन्हा बसायची मुभा आहे, साधं असायची मुभा आहे. तीच मला पाहिजे. आणि ती मी कोणाकडे मागणार नाही.

ऑक्टोबरमध्ये तोच पेपर आहे. मी बसणार. पास झाले तर पुढचं गणित घेईन. नापास झाले तर मार्चमध्ये पुन्हा बसेन. नापासच व्हायचं असेल, तर मी गणितात नापास होईन.