मेंढी नाही, कुत्राच आहे

मला कुत्रा नको होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच नवरा सुरतहून पिल्लू घेऊन आला तेव्हा गाडीतून आधी मुलगी उतरली, मग पिल्लू आणि सगळ्यात शेवटी, माझ्याकडे न बघता, तो स्वतः.

"लॅब्राडूडल आहे," मुलगी म्हणाली. "अर्धा लॅब्राडोर, अर्धा पूडल. याचे केस गळत नाहीत, मम्मी."

केसांचा मुद्दा मोठा होता. मुलीला लहानपणापासून शिंकांचा त्रास. धूळ, कापूस, मांजर, काहीच चालत नाही. तिने कुत्र्यासाठी घर डोक्यावर घेतलं की मी शिंकांचं कारण पुढे करायचे. आता तेही गेलं. विकणाऱ्याने म्हणे सांगितलं होतं, लॅब्राडोरचा प्रेमळ स्वभाव आणि पूडलची हुशारी, दोन्ही एकातच.

सासूबाईंनी चष्मा सारखा करून त्या पिवळट कुरळ्या गोळ्याकडे पाहिलं. "हाऊ कुत्रा शे का मेंढी?"

हा प्रश्न मी पुढे वर्षभर ऐकला. दूधवाल्याकडून, शाळेतल्या शिपायाकडून, फाटकाशी थांबणाऱ्या अनोळखी माणसांकडूनही. सुरुवातीला मी जात समजावून सांगायचे. मग नुसतं "कुत्रा" म्हणून आत निघून यायचे.

हुशारी मात्र खरी होती, आणि तिचाच मला सगळ्यात जास्त ताप झाला. पिल्लू बघता बघता ओट्याला तोंड पोचेल एवढं झालं. मग मळलेली कणीक जायला लागली. ताट झाकलं तर तो नाकाने ताट सरकवायचा. स्वयंपाकघराला कडी लावली तर दोन दिवस कडीकडे बघत बसला आणि तिसऱ्या दिवशी पंजाने उघडली. रागावलं की उताणा पडून पोट दाखवायचा. म्हणजे चोरीला पूडल आणि माफीला लॅब्राडोर.

आणि ते केस! गळत नाहीत हे खरं. पण गळत नाहीत म्हणजे तिथेच राहतात. सुटलेला केस दुसऱ्या केसात अडकतो, त्याची गाठ होते, गाठींचा घोंगडीसारखा थर होतो. कानामागे, काखेत, शेपटीखाली. आमचं घर नंदुरबारच्या अगदी कडेला, पुढे सगळी मोकळी रानं. बाहेर जाऊन आला की अंगभर गोखरू. मी शाळेतून यायचे, तपासायच्या वह्या बाजूला ठेवायचे आणि कंगवा घेऊन बसायचे. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, म्हशीचं काही असलं तर सांगा. याचं पार्लर सुरतेला."

"दर महिन्याला मी नेईन," नवरा म्हणाला. एकदा नेलं.

वर आणखी एक. ज्या मुलीने हट्टाने आणला, तिच्याकडे तो खेळण्यापुरता जायचा. बाकी सगळा वेळ माझ्या पायात. मी न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेर कुंई कुंई.

"मम्मी, तू त्याला गुपचूप काय देतेस?" मुलगी रडवेली होऊन विचारायची.

"शिव्या," मी म्हणायचे. ते खरंच होतं.

आणि इतकं करून तिच्या शिंका थांबल्या नव्हत्याच. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्रास नुसत्या केसांचा नसतो, कुत्र्याच्या लाळेने आणि कातडीच्या कोंड्यानेही शिंका येतात. रात्री जेवताना मी नवऱ्याला हे सांगितलं.

"पण थोड्या कमी आहेत ना?" तो म्हणाला.

मी हातातला घास ताटात ठेवला. "अहो, उद्याच म्हसावदला फोन करा. चुलत भाऊजींना शेतावर कुत्रा हवाय ना? घेऊन जाऊ देत."

मुलगी जेवणावरून उठून गेली. पण फोन झाला. दीर म्हणाले, पुढच्या आठवड्यात येतो.

त्याआधीच्याच रविवारी दुपारी कुत्र्याने फाटकाची कडी उघडली. आमच्या घरामागे हिवाळ्यात मिरचीची पथारी पडते, म्हणजे एकरभर जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली असते. तिथे निवडायला बसलेल्या बायकांचा आधी हसण्याचा आवाज आला, मग ओरडण्याचा. मी गच्चीवरून पाहिलं. आमचं ध्यान मिरचीत लोळत होतं. चारी पाय वर, मनसोक्त.

मी पोचेपर्यंत त्याची मजा संपली होती. तो तोंड जमिनीवर घासत किंचाळत होता. "बाई, तुन्हा कुत्रा लाल व्हई गया!" एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली. पथारीचा मुकादम माझ्यावर डाफरला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

मी त्याला ओढत अंगणात आणलं आणि नळाची नळी घेतली.

"पानी नको टाकू, आखो आग व्हई!" सासूबाई ओसरीवरून ओरडल्या. पाण्याने आग आणखी वाढते म्हणे. वर्षभरात त्यांनी त्याला बोट लावलं नव्हतं. आता तेलाची बरणी घेऊन उतरल्या आणि त्याचं डोकं दोन्ही गुडघ्यांत दाबून बसल्या. डोळे तेवढे आम्ही पाण्याने धुतले, बाकी अंगाला तेल चोळलं. पण बिया गाठींच्या आत शिरल्या होत्या. केस कापल्याशिवाय इलाज नव्हता. मी कात्री चालवली, नवऱ्याने दाढीचं मशीन आणलं. माझे हात कोपरापर्यंत पेटले होते.

"जरा हळू, त्याला लागतंय," नवरा म्हणाला.

"मग तुम्हीच करा! तुम्हीच आणलाय ना?" मी इतक्या जोरात ओरडले की कुत्राही गप्प झाला.

संध्याकाळपर्यंत अंगणात केसांचा ढीग झाला आणि मधोमध एक काटकुळा, गुलाबी, लांब नाकाचा प्राणी उभा राहिला. जागोजाग आमच्या कात्रीने सोडलेले पुंजके. मुलगी शिंकत शिंकत हसायला लागली. मला मात्र हसू आलं नाही. एवढासा जीव होता आत. एवढ्याशा जिवावर मी वर्षभर चिडत होते, आणि त्या क्षणीही चिडलेलीच होते.

दीर ठरल्याप्रमाणे आले. चहा पिता पिता त्याच्याकडे बघत राहिले. मलम फासलेला तो माझ्या पायांवर हनुवटी ठेवून पडला होता.

"वहिनी, हा काय शेत राखणार?" ते म्हणाले. "उलट याचीच राखण करावी लागेल."

ते गेले. त्यानंतर पाठवण्याचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. का नाही काढला, हे विचारायची नवऱ्याची हिंमत झाली नाही. मुलगी आता गोळी घेते आणि तो तिच्या खोलीत झोपत नाही, एवढं ठरलंय.

केस पुन्हा आले, पहिल्यापेक्षा दाट. आता मी त्यांना दोन बोटांहून जास्त वाढू देत नाही. परवा कानामागची गाठ सोडवताना त्याने माझं मनगट दातांत धरलं. चावला नाही, नुसतं धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मीही कंगवा सोडला नाही. बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसून होतो.