लायसन कुणाच्या नावावर

आई पाणी प्यायची थांबली होती. पूर्ण नाही, पण मोजून. सकाळी गोळीसोबत दोन घोट, दुपारी जेवल्यावर दोन. तहान लागली का विचारलं की म्हणायची, "न्हाई लागली."

मागच्या अंगणातल्या न्हाणीत ती घसरून पडली होती. गावातल्या मिस्त्रीनं शहाबादी फरशी बसवली होती आणि पाणी नेहमी दाराशीच साचायचं. कलबुर्गीला खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं की संडास-बाथरूम पलंगाच्या जवळ हवं, उंबरा नको, पायरी नको. तोपर्यंत पलंगाशेजारी भोक पाडलेली खुर्ची आणि खाली भांडं. भांडं मी न्यायची. मला त्यात काही वाटत नव्हतं, पण मी भांडं उचललं की आई भिंतीकडे तोंड करायची. पाणी कमी प्यायचं कारण ते होतं, आणि ते आम्ही दोघी बोलत नव्हतो.

बाथरूम पटकन आणि नीट व्हायला हवं होतं. मी मोबाइलवर शोधलं. परदेशातल्या कुठल्या तरी पानावर लिहिलं होतं की ठेकेदाराला आधी लायसन विचारा, विमा विचारा, आधीची कामं बघा, करार लेखी करा. मी ते सगळं वहीत इंग्रजीत उतरवून घेतलं. बोलण्यापेक्षा लिहून घेणं मला नेहमीच सोपं वाटत आलंय.

"लायसनवाला गुत्तेदार बघू या," मी वडिलांना, अप्पांना म्हटलं.

"कामून? बाथरूम बांधायचंय का धरण?"

पण अप्पांनी जुन्या मिस्त्रीला बोलावलं नाही. आठ दिवसांनी चिटगुप्प्याचा एक गुत्तेदार आमच्या मुडबीच्या घरी येऊन बसला. त्याला सगळे लायसनवालेच म्हणत. सरकारी शाळेच्या खोल्या, नाल्या, अंगणवाडी अशी कामं त्याच्याकडे असायची. आमच्याकडे खाजगी घराला लायसन कुणी विचारत नाही. मिस्त्रीला सुपारी दिली की काम ठरलं.

मी वही अप्पांकडे सरकवली. अप्पांनी ती परत माझ्याकडे सरकवली. "मला इंग्रजी येतंय व्हय? तूच विचार."

मी वहीकडे बघूनच विचारलं, "विमा आहे का?"

"कुणाचा? माझा का बाथरूमचा?" गुत्तेदार अप्पांकडे बघून हसला. "पोरगी मोठ्या शाळंत शिकल्याली दिसायलीय."

"लायसन बघायचं होतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, पण त्याला आला. त्यानं पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढून अप्पांच्या हातात दिला. कागद कन्नडमध्ये. अप्पा मराठी शाळेत शिकलेले; कन्नड घडाघडा बोलतात, पण वाचायची वेळ आली की कागद माझ्याकडे येतो. मी शाळेत कन्नड वाचायला शिकले होते. मी अक्षर अक्षर लावत वाचलं. शिक्का होता, ठेकेदाराचा वर्ग लिहिलेला होता, मुदत पुढच्या वर्षापर्यंत होती. आणि नाव एका बाईचं होतं.

"हे नाव..."

"आमच्या मंडळीचं." तो चहाची बशी खाली ठेवत म्हणाला. "ती सिव्हिलचा डिप्लोमा झाल्याली हाय. मी धावी नापास. कागद तिच्या नावावर, काम माझं."

अप्पांनी मान डोलावली. त्यांना यात काही नवल नव्हतं. गॅसचं कनेक्शन आईच्या नावावर आहे, आणि गॅसवाल्याशी बोलतात अप्पा. पण मी त्या नावाकडे बघत राहिले. हिला किती लोखंड लागतं ते कळतं का? ही कधी विटांच्या ढिगाजवळ उभी राहिली असेल का? आणि जर डिप्लोमा तिचा आहे, तर ती दिवसभर करते काय?

"मग त्यांना भेटायचंय," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या ठामपणे मी पाहुण्यांसमोर सहसा बोलत नाही.

"तिला काय विचारता?" गुत्तेदार म्हणाला. "ती सही करती, भाकरी करती."

पण त्यानं नाही म्हटलं नाही. बाजारच्या दिवशी अप्पा आणि मी बसनं चिटगुप्प्याला गेलो. अप्पा पुढच्या खोलीत गुत्तेदारासोबत बसले. मला त्याच्या बायकोनं आत बोलावलं. चाळिशीच्या असतील. परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या. मी काय हाक मारावी ते ठरवत असतानाच त्या म्हणाल्या, "अक्का म्हण. बस."

मी बसले. त्यांनी एक भाकरी थापून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. शेवटी मी पर्समधून आलेखाच्या कागदावर काढलेला नकाशा बाहेर काढला. पलंग, भिंत, नवं दार, कमोड, नळ. सगळं पट्टीनं आखलेलं.

"मी नुसती सही करते," अक्का म्हणाल्या. पण हात पुसायच्या आधीच मान कागदावर आली होती.

"ह्यांनी सांगितलं आईचं. कुठला खुबा?"

"उजवा."

"पलंगावरून उठून कुठल्या बाजूला वळते?"

मला आठवावं लागलं. रोज बघत होते, तरी आठवावं लागलं. "डावीकडे."

"मग धरायचा दांडा हिकडं कामून काढलीस? डाव्या हाताला धरायला काही न्हाई." पिठाचं बोट कागदावर टेकलं आणि डाव्या भिंतीवर पांढरा ठिपका उमटला. मग बोट दारावर आलं. "हे आत उघडतंय?"

"हो."

"बाहेर उघडू दे."

मी विचारलं का. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि तिच्याकडे बघतच सांगितलं. त्यांची सासू बाथरूममध्ये पडली होती, बरोबर दाराला टेकून. दार आत उघडणारं. आतून तिला हलता येईना, बाहेरून ढकललं की तिलाच लागे. "घरात लायसन होतं, अन् दार फोडायला शेजारी आले," अक्का म्हणाल्या. "तुझ्या आईला काही झालं तर तुला आत जाता आलं पायजे."

मला आईचं भिंतीकडे वळलेलं तोंड आठवलं. परदेशी पानावरच्या यादीत दार कुठल्या बाजूला उघडावं हे नव्हतं.

"तुम्ही कामावर येत नाही का?" मी विचारलं.

"सुरवातीला जायची. मी काही सांगितलं की मिस्त्री आधी चहा प्यायला जायचे. चहा पिऊन ह्यांना फोन लावायचे." त्या हसल्या, पण थोडंच. "मग फोनचा खर्च वाचवला."

करार मीच लिहिला. वर मराठी, खाली कन्नड. बाकीच्या ओळी गुत्तेदारानं वाचल्याच नाहीत. एका ओळीवर थांबला: फरशी पक्की करायच्या आधी लायसनधारकानं स्वतः येऊन बघायचं.

"अण्णा, आसं कुठं असतंय?" तो अप्पांना म्हणाला. "पोरगी कायबी लिहायलीय."

मला वाटलं अप्पा ती ओळ खोडायला सांगतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "खाली सही कुणाची?"

"तिची."

"मग ती यील की. न आलेल्या माणसाची सही मी कशाला घेऊ?"

तीन आठवड्यांनी अक्का आमच्या घरी आल्या. आल्या आल्या आईच्या पलंगावर बसल्या, आईचा वॉकर पुढे ओढला आणि स्वतः तो धरून पलंगापासून नव्या दारापर्यंत चालल्या. उजवा पाय मुद्दाम ओढत. आई बघत होती. पडल्यापासून तिच्याकडे सगळे हळहळत बघायचे. तिच्यासारखं चालून मात्र कुणी बघितलं नव्हतं.

"दोन पावलं जास्त हायत," आई म्हणाली.

"पलंग हिकडं सरकवा मग."

पलंग सरकवला. मग अक्कांनी तांब्या मागितला आणि खरखरीत फरशीवर सगळ्या बाजूंनी पाणी ओतलं. पाणी जाळीकडे गेलं. दाराच्या कोपऱ्यात मात्र तळहाताएवढं थांबून राहिलं. आम्ही सगळे वाकून त्या पाण्याकडे बघत होतो.

"ह्या चार काढा," अक्का म्हणाल्या.

गुत्तेदाराचा मिस्त्री उठून बाहेर गेला आणि त्यानं मालकाला फोन लावला. फोन स्पीकरवर नव्हता, तरी गुत्तेदाराचा आवाज अंगणभर आला. "मला काय विचारायलास? लायसन तिचं हाय!"

तो रागावून बोलला की कौतुकानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अक्कांनी पदर तोंडाला लावला होता, म्हणून त्यांच्याकडे बघूनही कळलं नाही. मिस्त्री परत आला आणि त्यानं चार फरशा काढून नव्यानं बसवल्या.

बाथरूम वापरायला मिळालं तो मंगळवार होता. आई उठली, डावीकडे वळली, दांडा धरला. मी मागे गेले तर म्हणाली, "तू कुठं यायलीस?" मी बाहेर थांबले. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, कडी न लावता नुसतं ओढून घेतलेलं. आतून पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. माझा हात कडीजवळ गेला. तेवढ्यात दारानं मलाच मागे ढकललं आणि आई बाहेर आली.

पलंगावर बसून तिनं श्वास घेतला. भोकाची खुर्ची अजून कोपऱ्यात होती, तिच्याकडे बघून म्हणाली, "ती उचल तिथून."

मी खुर्ची उचलली. दाराशी पोचले तेव्हा तिनं पुन्हा हाक मारली.

"येताना पाणी आण. तांब्या भरून."