साखरेची डबी

माझ्या हातची कॉफी चांगली होते. नम्रपणा दाखवायचा तर "बरी होते" म्हणायला हवं, पण आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या बाईनं मोजमाप खोटं सांगू नये. पांढुर्ण्यात दुसऱ्या कोणाच्या घरी याहून चांगली होत असेल तर मला सांगा, मी चालत जाऊन पिऊन येईन. आता माझ्याकडे वेळच वेळ आहे.

हे खूळ लावलं माझ्या भाच्यानं. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तेव्हा तो बंगळूरहून दोन दिवस राहायला आला आणि जाताना स्टीलचा एक फिल्टर ठेवून गेला. एकावर एक बसणारे दोन डबे. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, त्यात कॉफीची पूड, पुडीवर चकती, मग कढत पाणी आणि झाकण. खालच्या डब्यात थेंब थेंब अर्क उतरत राहतो. "आत्या, घाई करायची नाही, हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही," असं त्यानं तीनतीनदा बजावलं. मी म्हटलं, "मला आता कोणती बस पकडायची आहे?"

बस मी बावीस वर्षं पकडली. पांढुर्ण्याहून सौसरला, तिथल्या शाळेत. शेजारच्या सीटवर रोज मराठीच्या मॅडम असत. त्यांचं घर माझ्यापासून तीन गल्ल्या सोडून, शाळा एकच, बस एकच, म्हणून मैत्री झाली. निवडून कोणी कोणाला घेतलं नव्हतं. मी लग्न केलं नाही. त्यांना नवरा, मुलगा, सासू, सगळं होतं, तरी पहाटे उठून चहाचा फ्लास्क भरून आणायच्या त्याच. मोहगाव मागे पडलं की फ्लास्क उघडायचा. चहा बिनसाखरेचा असे, कारण मला गोड चहा सोसत नाही हे मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. स्वतःची साखर त्या पर्समधून एका छोट्या स्टीलच्या डबीत आणत. डबी उघडायची, चमचा बुडवायचा, हलत्या बसमध्ये कपात नेमका टाकायचा. मी खिडकीतून संत्र्याच्या बागा बघत माझा चहा प्यायची.

निवृत्तीनंतर त्या रोज चार वाजता माझ्याकडे यायला लागल्या. तोवर घरी दुपारची झोप झालेली असायची, सुनेच्या हाती स्वयंपाकघर असायचं. येताना फ्लास्क असायचाच. मी फक्त कप मांडायची. आम्ही काही फार बोलायचो असं नाही. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावात गाड्या किती वाढल्या, अमक्या वर्गातला तमका आता कुठं आहे, असलंच काहीतरी. पण चार वाजले की फाटकाची कडी वाजायची आणि दिवसाला दुसरा अर्धा भाग असायचा.

फिल्टर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "मॅडम, उद्यापासून फ्लास्क नका आणू. मी कॉफी पाजते."

पहिली कॉफी खडूसारखी लागली. दोष कॉफीचा नव्हता. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. वर्गात मी हेच शिकवायची आणि घरी तेच पाणी उकळून बसले होते. मग कॅनचं पाणी आणलं, चव सुधारली. मग कळलं की दळलेली पूड पंधरा दिवसांत मरते, आमच्या मे महिन्यात तर आठवड्यात. म्हणून भाचा अख्ख्या बिया पाठवायला लागला आणि मी हातानं फिरवायची चक्की घेतली. दूध उकळू द्यायचं नाही, उकळायच्या आत उतरवायचं. अर्क आधी, दूध नंतर. मी वही केली. पाणी किती, पूड किती, किती मिनिटं, कशी झाली. शेवटचा रकाना मीच भरायची.

वर्षभरानं भाच्यानं मोठं मशीन घेतलं आणि जुनं एस्प्रेसोचं मशीन मला पाठवून दिलं. मॅडमना मी फोनवर सांगितलं तर त्या खूश. "म्हणजे लग्नात राहते ते? फुस्स करून फेस येते, वरून चॉकलेटची पावडर टाकतात? बाप्पा, मग तर मजाच आहे!" हिवाळ्यातल्या लग्नांत त्या मशीनजवळून हलत नसत, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, तसलं नाही, हे खरं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर अठरा ग्रॅम बी तोलली, दळली, दाबून बसवली आणि मोबाईलवर सेकंद मोजत छत्तीस ग्रॅम कॉफी कपात पाडली. मधासारखी धार होती. वर तपकिरी साय. मॅडमनी कप हातात घेतला, वास घेतला आणि सवयीनं पर्समधून डबी काढली.

मी डबीवर हात ठेवला.

"साखर नाही हं मॅडम. साखर घातली की सगळी चव झाकते. आधी जिभेच्या टोकावर घ्या, मग कडेला जाऊ द्या. आंबट लागते ना थोडी? ती चांगली आंबट. आता बघा, शेवटी गूळ लागतो की नाही?"

"हो, लागते," त्या म्हणाल्या. डबी पर्समध्ये गेली.

सहा महिने असं चाललं. एक दिवस एस्प्रेसो, एक दिवस फिल्टर. रोज मी विचारायची आणि रोज त्या म्हणायच्या, "आज मस्त जमली." मला वाटलं, बाई तयार झाली. भाच्याला मी फोनवर सांगितलंही, आमच्या मॅडमना आता कोडगूची आणि चिकमगळूरची कॉफी वेगळी ओळखता येते. त्या नेहमीसारखा स्वतःचा कप स्वतः धुऊन पालथा ठेवत आणि पाच वाजता निघत. पूर्वी सहा वाजायचे. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा दोष त्यांच्या गुडघ्यांना दिला.

मग एके दिवशी भाजीबाजारात त्यांची सून भेटली. बिचारी हसतमुख, मनात काही नाही. वांगी निवडता निवडता म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरून आल्या का आई पहिले चायच मांडायला लावतात. म्हणतात, तोंडातलं कडू जाऊनच नाही राहिलं. दोन-दोन कप पेतात!"

मी वांगी तिथंच ठेवून घरी आले. मला इतका राग का आला हे तेव्हा कळलं नाही, आता कळतं. माझी वही खोटी पडली होती. शेवटच्या रकान्यात सहा महिने मी जे "उत्तम" लिहीत होते, ते सगळं त्यांच्या "मस्त जमली"वर उभं होतं.

चारला त्या आल्या. मी कॉफी केली, कप समोर ठेवला आणि त्यांनी उचलायच्या आत म्हटलं, "घरी जाऊन चहा प्यायचाच आहे, तर हे कशाला पिऊन राहिल्या?"

त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही इतका जीव लावून करता मॅडम. नाही कसं म्हणू?"

इथं मी थांबायला हवं होतं. पण आयुष्यभर मुलांना उठून उभं करून उत्तर चुकलं म्हणून झापलेलं तोंड माझं. मी म्हटलं, "सहा महिने खोटं बोलल्या तुम्ही. तुम्हाला चवीतलं काही कळत नाही, हे मलाच पहिल्या दिवशी ओळखायला हवं होतं. तुमची जीभ लग्नातल्या कॉफीचीच."

मॅडमनी ती कॉफी संपवली. उभ्यानं, दोन घोटांत. कप धुतला, पालथा ठेवला, पर्स घेतली. "येते" म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशीही नाही. मी स्वतःशी म्हटलं, राहू दे, शांतपणे कॉफी पिता येईल. आणि खरंच, त्या पंधरा दिवसांत माझी कॉफी सुधारली. बोलण्यात लक्ष जात नव्हतं ना. पण मशीनमधली पूड भरायची जाळी दोघांपुरती आहे. अठरा ग्रॅमच्या खाली गेलं की धार बिघडते, म्हणून दोघांची करून मी एकटीच प्यायची आणि मग संध्याकाळभर छाती धडधडायची. त्यातच एका दुपारी अशी धार पडली की काय सांगू. सत्तावीस सेकंद, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही, साय दाट, वाघाच्या पट्ट्यांसारखे पट्टे. आयुष्यातली सगळ्यात चांगली. मी मान वर करून "मॅडम, हे बघा" म्हटलं. समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्र होतं. मी फोटो काढून भाच्याला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

मला त्या दिवशी रडू आलं. कॉफी तशीच गार झाली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता आपण जायचं. बावीस अधिक तीन वर्षं त्याच फ्लास्क घेऊन आल्या. आज मी चहा करून फ्लास्क घेऊन जाते. चहापत्ती घरात नव्हती, ती आणली. फ्लास्क माळ्यावरून काढून धुतला. पाणी ठेवलं, आलं ठेचलं, दूध घातलं. चहाला रंग चांगला आला. मग साखरेचा डबा उघडला, चमचा भरला आणि माझा हात तिथंच थांबला.

त्यांना साखर किती लागते?

मी डोळे मिटून बस आठवली. मोहगाव, फ्लास्क, डबी, चमचा. एक टाकायच्या? दीड? दोन? चमचा बुडवलेला दिसायचा, किती वेळा ते दिसेना. अठरा ग्रॅममध्ये पाव ग्रॅमचा फरक पडला तर मला धारेवरून कळतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर हजारो वेळा कपात पडलेली साखर मला माहीत नव्हती. गॅस बंद केला. फ्लास्क तसाच राहिला. मी रिकाम्या हातानं निघाले.

मॅडम ओसरीवर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. शेजारच्या दोघी बायका सोबत होत्या, काहीतरी हसणं चाललं होतं. मला बघून त्या उठल्या, खुर्ची दिली. रागाचं काही चिन्ह नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. सुनेला हाक मारून म्हणाल्या, "चाय मांड वो. मॅडमचा वेगळा काढजो, बिनसाखरेचा. अन् अद्रक नको टाकू, त्यांना खोकला लागते."

आल्यानं मला खोकला लागतो, हे खरं आहे. मी ते त्यांना कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.

बायका उठून गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, मी त्या दिवशी फार वाईट बोलले. चुकले."

"जाऊ द्या हो. झालं गेलं."

"तुम्हाला साखर किती लागते?"

त्यांनी सुपातून मान वर केली.  मग हसल्या, चिडवणारं नव्हतं, पण मोकळंही नव्हतं. "दोन चमचे. काऊन?"

"काही नाही. माहीत नव्हतं."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. चहा आला. माझा बरोबर जसा मला लागतो तसा होता. निघताना मी पायरीवरून विचारलं, "उद्या चारला याल? चहा करते. कॉफी नाही."

"पाहीन," मॅडम म्हणाल्या. "चारला या दोघी येतात आता. मुलगाबी बोरगावच्या कंपनीतून लवकर येऊन राहिला. पाहीन."

आमच्याकडे "पाहीन"चा अर्थ काय, हे इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तरी दुसऱ्या दिवशी मी चहा केला. आलं न घालता माझा आणि आलं घालून त्यांचा. त्यांच्या कपात दोन चमचे साखर घालून ढवळली, बशी ठेवली, खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. चार वाजले. साडेचार वाजले. चहावर साय धरली. पाच वाजता, कॉफीच्या दिवसांत त्या निघायच्या त्या वेळी, मी तो कप उचलला. टाकून देणं जिवावर आलं.

पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं. असलं गोड माझ्याच्यानं गिळवत नव्हतं. तरी एक एक घोट घेत मी तो तळापर्यंत संपवला. सहा महिने समोर बसून माझी कॉफी पिताना मॅडमचं तोंड कसं होत असेल, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवेना. मी तेव्हा कपाकडे बघत होते.